उतारावर वाचवलेलं पेट्रोल

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. पुण्याला कॉलेजात आहे, महिन्यातून एकदा मोटरसायकल काढून पनवेलला आमच्याकडे येतो. म्हणाला, "मामा, घाट उतरताना वेग इंजिनवर कमी करायचा की ब्रेकवर? मित्र म्हणतो ब्रेकचे पॅड स्वस्त असतात, इंजिन महाग. मग इंजिन कशाला झिजवायचं?"

दोन वाक्यांत उत्तर देऊन फोन ठेवला. पण डोक्यातला विषय काही संपला नाही. कारण मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकात वाचलेलं नाही. सात वर्षांचा असताना, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून शिकलोय.

साल १९८८. आमची चेतक. पुढे मी, बाबा चालवणार, मागे आई आणि तिच्या मांडीवर पिशवी. लोणावळ्याहून परत येताना घाट सुरू झाला की बाबा गाडी न्यूट्रल करून इंजिनच बंद करायचे. "देवानं उतार दिलाय, पेट्रोल कशाला जाळायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते फार आवडायचं. एकदम शांत व्हायचं सगळं, नुसता वारा कानात.

त्या दिवशी शिंग्रोबाचं देऊळ मागे पडलं आणि काहीतरी जळल्यासारखा वास आला. पुढे एक ट्रक रांगत चालला होता. बाबांनी ब्रेक दाबला. पाय खालपर्यंत गेला, गाडीचा वेग मात्र तसाच. पुढचा ब्रेक दाबला, त्यानंही फारसं काही झालं नाही. मग बाबांनी क्लच दाबला, डावी मूठ फिरवून तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, इंजिन ओरडलं. मग दुसरा गिअर. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं मला अजून आठवतात, इतके आम्ही जवळ गेलो होतो. खोपोलीपर्यंत कोणी बोललं नाही. तिथे पोचल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आजीला सांगू नका."

असो. आता आजी नाही, आणि बाबा हे वाचणार आहेतच. तेव्हा सांगून टाकतो.

त्या दिवशी ब्रेक काही मोडले नव्हते. गार झाल्यावर पुन्हा व्यवस्थित लागायला लागले. झालं असं होतं की ते तापले होते. ब्रेक म्हणजे तरी काय, गाडीच्या वेगाची घासून उष्णता करणारं यंत्र. मी नंतर एकदा हिशोब मांडून पाहिला. स्कूटर आणि आम्ही तिघं मिळून साधारण अडीचशे किलो. हे वजन पाचशे मीटर खाली आणायचं म्हणजे जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात चार लिटर पाणी उकळेल! थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली सगळी दोन छोट्या ड्रममध्ये. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या शूपासून लांब जातो, शूवरचं अस्तरही तापून घसरायला लागतं. डिस्क ब्रेक लवकर गार होतो हे खरं, पण तो सतत दाबून ठेवला तर त्यातलं ऑइल उकळू शकतं. मग लिव्हर नुसता स्पंजासारखा आत जातो.

इंजिन हेच काम ब्रेक न घासता करतं. ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. पिस्टनला ती हवा ओढून घ्यायला जोर लागतो आणि तो जोर चाकाकडून येतो. त्यातून होणारी उष्णता एका जागी साठत नाही. म्हणून जुने एसटीवाले आणि ट्रकवाले सांगतात तो नियम लाखमोलाचा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका.

भाच्याच्या मित्राचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पनवेलच्या गर्दीत प्रत्येक सिग्नलला खटाखट गिअर पाडून गाडी थांबवण्यात काही शहाणपणा नाही. तिथे क्लच प्लेट उगाच झिजतात. शिवाय नुसत्या इंजिनवर वेग कमी केला तर मागचा लाल दिवा लागत नाही, आणि मागच्या रिक्षावाल्याला कळणार कसं? गावात ब्रेकच वापरावा. घाटातही मागे गाडी असेल तर ब्रेकला हलकासा स्पर्श करून दिवा दाखवावा. पण योग्य गिअर आधीच टाकून क्लच पूर्ण सोडला असेल तर इंजिन झिजतं हे मला पटत नाही. चढताना ते तेवढंच फिरलं होतं, वर ओझंही ओढत होतं.

बाबांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चेतक टू-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलबरोबरच आत जायचं. बराच वेळ ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये उतरलं तर पिस्टनला ऑइल कमी पडायचं, म्हणून मधूनमधून थोडी रेस द्यावी लागायची. थोडक्यात, न्यूट्रलची सवय लागायला कारण होतं. आता ते कारणही उरलेलं नाही. भाच्याची गाडी फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनची. अशा गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा फवारा साधारणपणे बंदच होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे बाबांची बचत आता बचतसुद्धा नाही.

गिअर नसलेल्या स्कूटरवाल्यांनी मात्र यावर फार विसंबू नये. तिथे इंजिनाचा आधार तुटपुंजा, आणि वेग फार कमी झाला की क्लच आपोआप सुटतो. त्यांनी सावकाश उतरावं, मध्ये थांबून ब्रेक गार होऊ द्यावेत. आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर झटकन खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर कोणत्याही मोटरसायकलचं मागचं चाक घसरू शकतं. इंजिनाचा ब्रेक झाला तरी तो ब्रेकच.

याच घाटात शेजारून रेल्वे जाते. ती १८६३ साली सुरू झाली, चढ ३७ फुटांना एक फूट. तिथल्या उतारावर जुन्या इंजिनिअरांनी चढत जाणारे आडमार्ग बांधून ठेवले, सुटलेली गाडी तिकडे वळून आपोआप थांबावी म्हणून. एवढी मोठी माणसं एका ब्रेकवर विसंबली नाहीत. आपण पेट्रोलच्या दोन थेंबांसाठी का विसंबावं?

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे भाचा जुन्या रस्त्यानंच येणार. त्याला सांगितलंय, खोपोलीत उतरलास की थांब, वडापाव खा, पण त्याआधी चाकाजवळ हात ने. लावू नकोस, नुसता जवळ ने. झळ लागली तर समज, गिअर वरचा होता.

कालच हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिसरा नाही, मी थेट दुसराच टाकला होता."

आई आतून म्हणाली, "तिसराच."