कामाची पारख आणि संस्थाचालकांची मर्जी

नव्याने नेमलेला शिक्षक वर्गात कमी पडत असेल, तर परिवीक्षेच्या काळात त्याला सेवेतून दूर करण्याचा अधिकार शाळेला असावा काय? आपल्या चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते या प्रश्नाला तत्काळ ‘नाही’ असे उत्तर देतात. त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. पण उत्तर चुकीचे आहे. खेड्यापाड्यांतील अनुदानित शाळांत जी मुले शिकतात, त्यांच्या आईबापांपाशी शिकवणीला द्यायला पैसे नसतात. वर्गात पदरी पडेल तेवढीच त्यांची पुंजी. त्यांची वाया गेलेली दोन वर्षे कोणतेही न्यायालय भरून देत नाही. श्रमिकाच्या हक्काची बाजू घेताना श्रमिकांच्याच मुलांवर अन्याय होऊ देणे समाजवादी भूमिकेशी सुसंगत नाही.

तेव्हा अधिकार असावा, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. वाद आहे तो अधिकार वापरण्याच्या रीतीचा. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसंबंधीच्या 1977 च्या अधिनियमाने कायम रिक्त पदावर नेमलेल्या शिक्षकासाठी दोन वर्षांची परिवीक्षा ठरविली. (2000 साली सुरू झालेल्या योजनेतील शिक्षणसेवकांची तीन वर्षांची व्यवस्था निराळी.) या काळात काम किंवा वर्तणूक समाधानकारक नसेल, तर एक महिन्याची नोटीस अथवा महिन्याचा पगार देऊन व्यवस्थापनाला त्याची सेवा संपविता येते. एवढे कलम बहुतेक संस्थाचालकांना तोंडपाठ असते. 1981 च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाचा मात्र त्यांना सोयीस्कर विसर पडतो. परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकाने त्या काळातच करावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे हा नियम सांगतो.

प्रत्यक्षात काय घडते? दोन वर्षे पुरी झाली की शिक्षक कायम झाला, असे कायदा मानतो. म्हणून बावीस-तेवीस महिने कोणी चकार शब्द काढत नाही, आणि मग अचानक ‘आपल्या सेवेची आवश्यकता नाही’ असे दोन ओळींचे पत्र हाती पडते. आपले काय चुकले, हे त्या तरुणाला कधीच कळत नाही.

या मौनाला न्यायालयीन निर्णयांचाही नकळत आधार मिळाला आहे. 1957 मधील धिंग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवकांपुरते असे ठरविले की, परिवीक्षाधीन सेवकाला पदावर हक्क नसला, तरी शिक्षेच्या स्वरूपाची सेवासमाप्ती चौकशीवाचून करता येणार नाही. 1974 च्या शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने पुढे बजावले की, आदेशातील शब्दांवर विसंबून न राहता त्यामागील वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. हेतू संरक्षणाचा होता. परंतु व्यवस्थापनांनी त्यातून उलटाच धडा घेतला: कारण लिहिले तर ‘कलंक लावला’ असा आक्षेप येतो, म्हणून काहीच न लिहिणे सर्वांत सुरक्षित! अशा रीतीने मोकळेपणाने दोष दाखविणारा मुख्याध्यापक अडचणीत येतो आणि मूग गिळून बसणारा सुटतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर काही मिनिटांच्या मुलाखतीवर केलेली निवड हा एक अंदाज असतो. तो पडताळून पाहण्यासाठी परिवीक्षा असते. मग अंदाज चुकल्याची किंमत कोणी मोजायची? अनुदानित शाळेत पगार शासनाच्या तिजोरीतून येतो. नेमणे आणि काढणे मात्र संस्थेच्या हाती. चुकीच्या निवडीचा भुर्दंड संस्थेला पडत नाही. उलट रिकामी झालेली जागा नातलगासाठी किंवा ‘देणगी’साठी उपयोगी पडते, हा आपल्याकडे दीर्घकाळ चालत आलेला प्रकार आहे. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, तो काळजीपूर्वक पारख कशाला करील? सारा भार पडतो तो शिक्षकावर. त्याची उमेदीची दोन वर्षे जातात आणि पुढच्या मुलाखतीत त्याला संशयाने पाहिले जाते.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. प्रत्येक सत्राअखेर मुख्याध्यापकाने पाठ प्रत्यक्ष पाहून लेखी अभिप्राय द्यावा व त्याची प्रत शिक्षकाला मिळावी. प्रतिकूल अभिप्रायानंतर सुधारणेसाठी किमान एक पूर्ण सत्र मिळावे, आणि त्या काळात अनुभवी सहकाऱ्याचे मार्गदर्शन असावे. हे मार्गदर्शन शिक्षक संघटनेने स्वतःहून अंगावर घ्यावे. सभासदाची वर्गणी घेणाऱ्या संघटनेचे ते कर्तव्यच आहे. एवढे करूनही काम जमत नसेल, तर त्याच्यासाठी मोर्चा काढू नये. ‘हा व्यवसाय तुमच्यासाठी नाही’ हे त्याला आपुलकीने सांगण्याचे धैर्य आपण दाखवावे.

मात्र जेथे अशी नोंदच नाही, तेथे ‘असमाधानकारक काम’ हा शब्दप्रयोग मनमानीचे पांघरूण आहे असे समजून लढले पाहिजे. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ती ध्यानात ठेवावी आणि पत्र हाती पडलेल्या शिक्षकाला पहिला प्रश्न विचारावा: तुमच्या कामाविषयी या दोन वर्षांत तुम्हाला लेखी काय सांगितले होते? त्या उत्तरावर आपली भूमिका ठरावी.