मेंदूला बसणारा मुका मार

परीक्षा संपल्या की सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि शाळांच्या पटांगणांवर कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे वर्ग भरू लागतात. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण योजनेखाली तीन महिन्यांचे धडे दिले जातात. मुलींनी हे शिकावे, याबद्दल दुमत नाही. मात्र शिकताना होणाऱ्या इजांची चर्चा मुरगळलेला पाय, सुजलेले बोट, फार तर मोडलेला हात यापुढे जात नाही. जिवावर बेतणारी इजा डोक्याची असते आणि ती पदकाच्या लढतीतच होते असे नाही. जपानला हे कळायला बरीच वर्षे आणि बरीच मुले खर्ची पडली.

नागोया विद्यापीठातील शिक्षणाचे अभ्यासक र्‍यो उचिदा यांनी शालेय अपघातांची भरपाई देणाऱ्या यंत्रणेकडच्या जुन्या नोंदी चाळल्या. १९८३ ते २०११ या काळात शाळांमधल्या ज्युदोत ११८ मुलांचा मृत्यू झाल्याचे त्यातून पुढे आले. म्हणजे वर्षाला सरासरी चार. नोंदी आधीपासून होत्या. त्यांची बेरीज कोणी केली नव्हती. प्रत्येक मृत्यू त्या त्या शाळेचा 'दुर्दैवी अपघात' म्हणून फायलीत गेला होता. बेरजेनंतर त्यात एक ठळक सूत्र दिसले. बहुतेक मृत्यू डोक्याच्या इजेने झाले होते, तासापेक्षा शाळेच्या ज्युदो क्लबच्या सरावात जास्त झाले होते, आणि बळी पडलेल्यांत माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाची मुले मोठ्या संख्येने होती. थोडक्यात, नवशिकी मुले आणि समोर त्यांच्याहून तयार, वजनदार जोडीदार.

यात 'ओसोतो-गारी' या डावाचे नाव वारंवार येते. प्रतिस्पर्ध्याच्या पायामागे पाय घालून त्याला सरळ मागे पाडण्याचा हा डाव. मुरलेला खेळाडू पडताना हनुवटी छातीला लावतो आणि हात मॅटवर आपटून जोर मोडतो. पडण्याच्या या तंत्राला 'उकेमी' म्हणतात. नवख्याची मान तेवढी तयार नसते, त्यामुळे डोके मागे झटकले जाते. कवटी थांबते, पण आतला मेंदू फिरत राहतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या वेष्टनाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा त्या झटक्यात ताणल्या जातात आणि कधी तुटतात. रक्त साचत जाते आणि मेंदू दाबला जातो. याला सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. बाहेर ना जखम, ना टेंगूळ. डोके आपटलेच पाहिजे असेही नाही, नुसता झटका पुरतो. मूल उठून उभे राहते, 'काही नाही झालं सर' म्हणते आणि थोड्या वेळाने कोसळते.

त्याहून फसवा असतो तो किरकोळ वाटणारा हादरा, म्हणजे कन्कशन. डोके दुखते, गरगरते, सूर हरवल्यासारखे वाटते. पण सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो. मेंदू पूर्ववत होण्याआधीच दुसरा मार बसला, तर तो साधा असला तरी मेंदूला गंभीर सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा बहुधा किशोरवयीन खेळाडूंमध्ये. म्हणून 'तोंडावर पाणी मार आणि परत उतर' हा आखाड्यातला जुना उपाय इथे घातक आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने मांडलेला आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला सल्ला स्पष्ट आहे : शंका आली तरी त्या दिवशी सराव बंद. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहणे नको, थोडे चालणे-फिरणे चालते. मग टप्प्याटप्प्याने व्यायाम. आणि प्रत्यक्ष झुंजीला उतरण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी.

मुलाला हेल्मेट घेऊन दिले की पालक निर्धास्त होतात. मऊ हेडगार्डने कातडी फाटणे, खोक पडणे कमी होते; पण आतला मेंदू फिरायचा थांबत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मुलांच्या मार्शल आर्ट्सचा आढावा घेताना हेच सांगितले होते. दुसरीकडे नियमच डोक्याकडे बोट दाखवतात. तायक्वांदोत अंगावरच्या साध्या लाथेला दोन गुण, तर डोक्यावरच्या लाथेला तीन. गुणांचे गणित असे असताना मुले सरावात कशाची तालीम करणार?

जपानमध्ये मृत मुलांच्या पालकांनी २०१० मध्ये संघटना उभारली. २०१२ पासून माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकला सक्तीची होणार होती, त्यामुळे वाद पेटला आणि ज्युदो महासंघाला डोक्याच्या इजेकडे पाहावे लागले. नवशिक्यांना आधी पडायला शिकवणे, ओसोतो-गारीची घाई न करणे, प्रशिक्षकांना मेंदूच्या इजेची माहिती देणे यावर भर आला. मृत्यू पूर्ण थांबले नाहीत, पण पूर्वीची वर्षाला चारची सरासरीही राहिली नाही. डाव तेच होते. २०२२ मध्ये तर महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. तेव्हा अध्यक्ष होते ऑलिंपिक सुवर्णविजेते यासुहिरो यामाशिता. प्रशिक्षक कोवळ्या मुलांना वजन घटवायला लावतात आणि पालक पंचांवर ओरडतात, अशा तक्रारी होत्या.

आपल्याकडे पैलवानाचे मोडलेले कान तालमीची शान समजले जातात. तीही खरे तर वेळीच न काढलेल्या रक्ताच्या गाठीची खूण. पण निदान ती दिसते तरी. मेंदूच्या मुक्या माराला अशी खूण नाही. त्यामुळे गल्लीतल्या वर्गात मूल पडले, दोन दिवस डोके धरून बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मॅटवर आले, तर ते कुठल्या वहीत लिहिले जाते? क्लासमध्ये नाव घालताना फी, पोशाख आणि पट्ट्याची परीक्षा कधी, हे सगळे विचारतात. सरावात डोक्याला मार बसला तर थांबवायचा अधिकार कोणाचा आणि पहिले काही आठवडे नुसते पडायला शिकवणार का, हे दोन प्रश्नही त्याच वेळी विचारता येतात. मार बसल्यावर डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, मूल असंबद्ध बोलू लागले, झोपेतून नीट जागे होईना, आकडी आली किंवा हातापायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.