इतिहासाची स्पर्धा आणि गोसीखुर्दची मुले

शाळांतून होणाऱ्या इतिहासविषयक स्पर्धांचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. एखाद्या थोर पुरुषाची जयंती येते, आठवडाभर आधी सूचना फिरते, विद्यार्थी पुस्तकातला मजकूर उतरवून काढतात आणि सुवाच्य अक्षराला बक्षीस मिळते. याला संशोधन म्हणता येत नाही. संशोधनाला वेळ लागतो. म्हणून अशी स्पर्धा घ्यायचीच असेल, तर ती संपूर्ण शालेय वर्षभर चालली पाहिजे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द परिसरात तर तिची निकड विशेष आहे.

वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. १९८३ साली ३७२ कोटी रुपयांचा असलेला अंदाज पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे. रुपयांचा आणि हेक्टरांचा हा हिशेब सरकारी दप्तरात आहे. परंतु ढिवर कोणत्या डोहात जाळे टाकीत, कोणाच्या बोडीचे पाणी कोणाच्या बांधीत जाई, ज्याच्या नावे सातबाराच नव्हता त्या मजुराचे काय झाले, याचा हिशेब वृद्धांच्या स्मरणातच आहे. पायाभरणीच्या वेळी चाळिशीत असलेली माणसे आज पंचाहत्तरीपलीकडे गेली आहेत. त्यांची नातवंडे नव्या गावठाणात जन्मली. जुने गाव त्यांनी पाहिलेलेच नाही.

पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष गुस्टाव्ह हाइनेमान यांनी उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांच्या साहाय्याने १९७३ साली शाळकरी मुलांसाठी इतिहास-संशोधन स्पर्धा सुरू केली. १९८० साली तिचा विषय नाझी राजवटीतील दैनंदिन जीवन हा होता. मुलांनी आपल्याच गावातील वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारले आणि अनेक ठिकाणी प्रौढांचे मौन सुटले. ती स्पर्धा आजही चालू आहे.

गोसीखुर्दच्या स्पर्धेचे वेळापत्रक मात्र येथल्या शेतीवरून ठरले पाहिजे. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात आणि पाठोपाठ धानाची रोवणी सुरू होते. त्या दिवसांत अनेक मुलांचे हात शेतात गुंतलेले असतात. म्हणून विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत जाहीर व्हावा. पुढील दोन महिने कागदांसाठी द्यावेत: शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, सातबारा, निस्तारपत्रक, भूसंपादनाचा निवाडा, जनगणनेची जिल्हा पुस्तिका. धान घरी आल्यावर माणसांना सवड मिळते. दिवाळीनंतरचा काळ मुलाखतींचा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कच्चा मसुदा वाचून दाखवावा आणि गावकऱ्यांनी त्यातील चुका सांगाव्यात. फेब्रुवारीत दुरुस्ती करून वार्षिक परीक्षेपूर्वी लेखन पूर्ण व्हावे. निकाल १ मे रोजी लागावा.

परीक्षणाची कसोटीही वेगळी हवी. निम्मे गुण अंतिम निबंधाला, निम्मे वर्षभराच्या नोंदवहीला. एका तोंडी साक्षीला दुसऱ्या साक्षीचा किंवा कागदाचा आधार असावा. दोहोंत विसंगती आढळल्यास ती लपवू नये, लिहावी. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, आणि त्याची इच्छा असेल तर नाव गाळावे.

स्पर्धेने मुलांत चढाओढ वाढते हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय आहे. प्रवेश चौघांच्या गटाला द्यावा आणि गटात मुलगे व मुली, शेतकऱ्याचे व भूमिहीनाचे मूल असे दोन्ही असावे. रंगीत पुठ्ठे आणि छापील चित्रे यांना गुण नसावेत. तसे केले नाही तर बक्षीस पालकांच्या खिशालाच मिळते. एसटीचे भाडे, वह्या आणि कागदांच्या नकला यांचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा. अठरा हजार कोटींच्या शेजारी ही रक्कम नगण्य आहे. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकांवर हा आणखी बोजा पडणार, हेही खरे. म्हणून मार्गदर्शक शिक्षकाला या वर्षापुरते दुसऱ्या एखाद्या कामातून मोकळे करावे.

अशा लेखनात प्रशासनाला अडचणीचे प्रश्न निघतील. ते निघावेतच. पण गावातल्या जुन्या विषमतेचे, मोबदल्याच्या पैशावरून भावाभावांत पडलेल्या फुटीचेही प्रश्न निघतील, आणि तेही मुलांनी तितक्याच निर्भयपणे लिहावेत. पूर्ण झालेल्या निबंधांची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी. पुनर्वसनाचा प्रश्न पुन्हा चर्चेला येईल, तेव्हा अधिकाऱ्याच्या अहवालाबरोबर गावाचा स्वतःचा कागदही टेबलावर असला पाहिजे.