जमिनीतून धूर निघणारं गाव

मुलांनो,

"ते बघ गाव आलं!" असं कुणी म्हटलं, की तुम्ही काय शोधता? देवळाचा कळस, पाण्याची टाकी, नाहीतर शाळेचं छप्पर. हो ना?

१८७८ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विलियाना हिकमन नावाची बाई अशीच डोळे ताणून गाव शोधत होती. एलिस स्टेशनवर आगगाडीतून उतरून, बरोबरच्या मंडळींसह दोन दिवस प्रवास करून ती आली होती. पण गाव काही दिसेना! नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर निघत होता. तेच गाव, निकोडेमस. माणसं चक्क जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहत होती. ते बघून तिला रडूच कोसळलं.

आता तुम्ही विचाराल, घरं का नाही बांधली? अहो, बांधणार कशाने? हा प्रेअरीचा प्रदेश. प्रेअरी म्हणजे गवताचं अफाट माळरान. पाऊस बेताचा आणि वाळल्या गवताला वारंवार वणवे लागायचे, म्हणून झाडं फक्त ओढ्यानदीकाठी. लाकूड नाही, मग टेकाडाच्या उतारात खोली खणायची. नाहीतर मुळांनी घट्ट विणलेली गवताची ढेपळं कापून, विटांसारखी रचून भिंत उभारायची. चुलीत काय? रानसूर्यफुलांचे वाळके दांडे!

इतक्या लांब ही माणसं आली तरी का? ते होते केंटकी राज्यातले काळे लोक. १८६५ पर्यंत त्यांतले बरेच जण गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने गेली, पण स्वतःची जमीन कुठे होती? म्हणून १८७७ साली त्यांनी सॉलोमन नदीकाठी स्वतःचं गाव वसवलं. पहिला हिवाळा फार कठीण गेला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न दिलं म्हणून आपण तगलो, असं तिथले लोक सांगत आले आहेत.

दहा वर्षांत मात्र गावात दुकानं, शाळा, चर्च आणि दोन वर्तमानपत्रंसुद्धा झाली! आता फक्त रेल्वे हवी होती. रेल्वे आली की धान्य बाजारात जाणार. १८८७ साली लोकांनी रेल्वेसाठी कर्जरोखे काढायला मतंही दिली.

पण १८८८ साली रूळ पडले ते नदीच्या पलीकडे. झालं! दुकानदार हळूहळू पलीकडच्या बोगला निघून गेले. पुढे १९३० नंतरच्या दुष्काळाने आणि मंदीने आणखी घरं रिकामी केली. १९५३ साली पोस्टही बंद झालं.

मग गाव संपलं का? नाही! आज तिथे मोजकीच माणसं राहतात, पण जत्रेला मुंबई-पुण्याहून माणसं गावी येतात ना, तसे निकोडेमसचे नातू-पणतू जुलैअखेरीस दूरदूरच्या शहरांतून जमतात. १९९६ साली हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. आणि ती रडणारी विलियाना? ती पुढे बरीच वर्षं त्याच भागात राहिली.

आता तुमचं काम. आजी-आजोबांना विचारा, आपलं गाव नेमकं इथेच का वसलं? नदीमुळे, बाजारामुळे, की रस्त्यामुळे? आणि रस्ता दुसरीकडून गेला असता तर? उत्तर वहीत लिहा, शेजारी गावाचा नकाशाही काढा.

तुमच्या बाई