पैसे रहिवाशाचे, वही मालकाची

घर विकत घेतले की भाड्याच्या जाचातून कायमची सुटका झाली, असे कष्टाच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाडेपट्ट्याची सदनिका घेणाऱ्या अनेक कुटुंबांचा हा समज पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच खोटा ठरतो. कर्जाचा हप्ता नुकताच सुरू झालेला असतो, आणि छपराच्या दुरुस्तीपोटी किंवा मागील वर्षाच्या तुटीपोटी काही हजार पौंडांची मागणी दारात येऊन पडते. खरेदीच्या वेळी या रकमेचा कोणी उच्चारही केलेला नसतो. ‘कागद नीट वाचायला हवे होते’ असा उपदेश मग चहूकडून होतो. उपदेश खोटा नाही, पण तो प्रश्नाच्या मुळाला हात घालत नाही.

मूळ आहे मालकीच्या रचनेत. तिकडे सदनिका विकत घेणे म्हणजे बहुधा ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा विकत घेणे. जमीन आणि इमारत भूमालकाचीच राहते. जिने, छप्पर, लिफ्ट, विमा यांवरचा खर्च तो किंवा त्याने नेमलेली व्यवस्थापन कंपनी करते, आणि पट्ट्यात ठरलेल्या हिश्शाने तो सेवाशुल्क म्हणून रहिवाशांकडून वसूल होतो. खर्च ठरवणारा वेगळा आणि भरणारा वेगळा, अशी ही व्यवस्था आहे. काटकसर केली तर ठरवणाऱ्याला काही मिळत नाही, आणि उधळपट्टी केली तर त्याचे काही जात नाही. विम्याच्या हप्त्यावर दलाली मिळत असेल, तर महाग विमाच त्याच्या सोयीचा ठरतो. २०२२ च्या कायद्याने बहुतेक नव्या पट्ट्यांवरील भूभाडे रद्द केले; सेवाशुल्काला मात्र रकमेची कमाल मर्यादा घातली नाही.

या रचनेत सामान्य माणूस कसा ओढला गेला, हेही पाहिले पाहिजे. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने थॅचर सरकारने नगरपालिकांची घरे तेथील भाडेकरूंना सवलतीत विकण्यास काढली. ‘मालमत्ताधारकांची लोकशाही’ ही त्यामागची घोषणा होती. स्वतंत्र घरांच्या खरेदीदारांना बहुधा जमिनीसह मालकी मिळाली. सदनिका घेणाऱ्यांना मिळाला भाडेपट्टा. भाडेकरू असताना छपराची चिंता नगरपालिकेची होती. ‘मालक’ होताच छपराच्या खर्चाचा वाटा त्यांच्या माथी आला, आणि छप्पर केव्हा व कोणाकडून दुरुस्त करायचे हा अधिकार मात्र नगरपालिकेकडेच राहिला. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. त्यानंतर इतर अनेक इमारतींची ज्वलनशील आवरणे काढण्याची बिले पट्टेधारकांवर येऊ लागली. ज्यांनी ती आवरणे निवडली नव्हती, लावलीही नव्हती, त्यांनाच ती भरण्यास सांगण्यात आले. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने पात्र पट्टेधारकांना संरक्षण दिले, परंतु तोवर मधली पाच वर्षे गेली होती.

म्हणून खरेदीपूर्वी सावधगिरी हवीच. गेल्या तीन वर्षांचे हिशेब, चालू वर्षाचे अंदाजपत्रक, राखीव निधीतील शिल्लक, प्रस्तावित मोठ्या कामांच्या नोटिसा आणि पट्ट्यातील आपल्या हिश्शाचे प्रमाण, एवढे वकिलामार्फत लेखी मागवावे. विक्रेत्याच्या काळातील हिशेब मिटलेला नसेल, तर किमतीतील काही रक्कम तो मिटेपर्यंत वकिलाकडे अडकवून ठेवण्याची अट घालावी. राखीव निधी रिकामा आणि छप्पर जुने, असे असेल तर स्वस्त वाटणारी सदनिका स्वस्त नसते.

तरीही अनपेक्षित बिल आलेच, तर घाबरून गप्प बसण्याचे कारण नाही. १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यानुसार शुल्क वाजवी असले पाहिजे. एखाद्या कामापोटी कोणा एकाचा वाटा २५० पौंडांहून अधिक होणार असेल, तर रहिवाशांशी आधी विचारविनिमय करावा लागतो. तो टाळला आणि न्यायाधिकरणाने सूटही दिली नाही, तर २५० पौंडांपलीकडे वसुली होत नाही. खर्च झाल्यापासून अठरा महिन्यांत मागणी किंवा तशी लेखी सूचना दिली नसेल, तर हक्कच जातो. मात्र रागाच्या भरात सगळेच पैसे अडवून ठेवणे धोक्याचे आहे. ३५० पौंडांहून अधिक थकबाकी असेल, तर न्यायालयीन मार्गाने पट्टा, म्हणजे घरच, जप्त करण्याचा दावा भूमालक लावू शकतो. बिनवादाची रक्कम वेळेवर भरावी, वादाची रक्कम भरावी लागली तर लेखी हरकत नोंदवून भरावी. केवळ भरणा केल्याने ती मान्य केली असे कायदा मानत नाही.

पण न्यायाधिकरणापुढे एकटा गेलेला रहिवासी जिंकूनही हरू शकतो. पट्ट्यात तशी तरतूद असेल, तर भूमालकाच्या वकिलाचा खर्चही सेवाशुल्कातून त्याच्याच डोक्यावर बसण्याचा धोका राहतो. तो टाळण्यासाठी वेगळा आदेश मागावा लागतो. खरा उपाय संघटनेचा आहे. २००२ च्या कायद्यानुसार किमान निम्म्या सदनिकाधारकांनी एकत्र येऊन कंपनी स्थापन केली, तर भूमालकाचा कोणताही दोष सिद्ध न करता व्यवस्थापन आपल्याकडे घेता येते. मार्च २०२५ पासून, २०२४ च्या सुधारणेमुळे, या प्रक्रियेत भूमालकाचा खर्च भरण्याची सक्तीही सामान्यतः राहिलेली नाही. खर्च करणारे आणि भरणारे एकच झाले, की हिशेबाची वही उघडी होते.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. नवी मुंबईत सिडकोची जमीन साठ वर्षांच्या पट्ट्याने दिली गेली. इतरत्र सोसायटी नोंदली गेली तरी अनेक बिल्डरांनी जमिनीचे अभिहस्तांतरण वर्षानुवर्षे रोखून धरले. १९६३ च्या कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद २००८ साली करावी लागली, ती यामुळेच. फरक एवढाच, की येथे सहकाराची परंपरा आहे. सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून जमाखर्च विचारता येतो. हा अधिकार इंग्लंडमधील पट्टेधारकाला झगडून मिळवावा लागत आहे, आणि येथील सभासद मात्र सभेला जाण्याचा कंटाळा करून तो गमावत आहे. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा हे त्याचेच लक्षण आहे.

घराची मालकी दस्तावरील नावाने सिद्ध होत असेल. ती टिकते मात्र खर्चावरील सामूहिक नियंत्रणाने. ज्या वस्तीत कार्यकर्ता राहतो, तेथील सोसायटीची हिशेबवही उघडण्यापासून त्याने सुरुवात केली, तर ते समाजवादाचेच काम ठरेल.