आंब्याच्या पेटीला पास लागत नाही

आज सतरावा रोजा. इफ्तारच्या दस्तरखानावर आमच्या घरी तीन माणसं बसतात. मी, पत्नी आणि ८१ वर्षांची आई. आईला रोजा झेपत नाही, पण अजान झाल्याशिवाय ती पाण्याला हात लावत नाही. घर सात खोल्यांचं, कौलारू. वडिलांनी बांधलं तेव्हा त्यात अकरा माणसं राहत होती. आता चार खोल्या ईद आणि मे महिन्यापुरत्याच उघडतात. यंदा उघडल्याच नाहीत.

मुलगी मुंब्य्राला आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि सात माणसं. तिला आठवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज कोकणात कोणत्या धर्माचा म्हणून सांगता येणार नाही. आमच्या मोहल्ल्यात तो आहे, शेजारच्या कुणबीवाडीत आहे, वरच्या आळीतल्या जोशांकडेही आहे. शनिवारी, २४ एप्रिल २०२१ ला ती येणार होती. २२ तारखेला रात्री आठपासून राज्यात जिल्हाबंदी लागली.

आदेश मी दोनदा वाचला. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे शासकीय परिपत्रक वाचण्याची सवय आहे. अत्यावश्यक सेवा, तातडीचं वैद्यकीय कारण, अंत्यविधी आणि घरातलं गंभीर आजारपण एवढ्यासाठी जिल्हा ओलांडता येतो. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास आहेत. मोडलं तर ५० हजार रुपये दंड आहे. बाळंतपण हा शब्द मला कुठे दिसला नाही. जावयाने ई-पाससाठी अर्ज केला, कारण 'वैद्यकीय' लिहिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. चिठ्ठीत डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की प्रकृती उत्तम आहे आणि प्रवासाला हरकत नाही. अर्ज नामंजूर झाला, कारण प्रकृती उत्तम असेल तर तातडी कुठली? मग जावयाने तातडीची चिठ्ठी मागितली. डॉक्टर म्हणाले, तातडी असेल तर मी हिला आठ तासांच्या रस्त्यावर पाठवीन कशाला?

दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. राज्यात रोज ६० हजारांच्या वर नवे रुग्ण सापडत आहेत. माणसं ऑक्सिजनच्या बेडसाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरताहेत. नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजनची गळती होऊन जे घडलं, त्यानंतर इफ्तारची दुआ मागताना कित्येक दिवस शब्द सुचले नाहीत. अशा वेळी सरकारने रस्ते मोकळे सोडावेत, असं डोकं ठिकाणावर असलेला कुणी म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. 'घरी थांबा' असं सरकार म्हणतं तेव्हा घर म्हणजे नेमकं काय, हे गेल्या वर्षीही कुणी विचारलं नाही आणि यंदाही नाही.

कोकणात घर म्हणजे एक वास्तू कधीच नव्हती. गिरण्यांच्या काळापासून आमची घरं दोन ठिकाणी चालतात. कर्ता मुंबईला, म्हातारे गावाला. मिळकत तिथे, छप्पर इथे. हिंदू चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, मुसलमान ईदला आणि उरुसाला येतो. एसटीत सगळे एकच शिव्या देत येतात. पुढे यात आखाती देश आले आणि मनीऑर्डरच्या जागी बँकेचा ड्राफ्ट आला. ताटातूट आम्हाला नवी नाही. ती सोसता येत होती, कारण परतीची तारीख ठरलेली असायची. टाळेबंदीने ती तारीखच काढून घेतली.

त्यामुळे आज चित्र असं आहे. मुंब्रा, नालासोपारा, गोवंडीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं एकमेकांपासून अंतर राखण्याचा प्रयत्न करताहेत. एकाला ताप आला की बाकीच्यांनी जायचं कुठे? आणि इथे सात खोल्यांत तीन माणसं. संसर्गाचं शास्त्र मला फार कळत नाही, पण एवढं गणित कळतं. ज्या घरात विलगीकरण शक्य आहे तिथे विलग करायला माणूस नाही आणि जिथे माणसं आहेत तिथे जागा नाही. एकदाच, एकाच दिशेने, चाचणी करून गावी या, आल्यावर १४ दिवस मागच्या खोलीत राहा, आणि निर्बंध उठेपर्यंत परत फिरू नका, अशी मुभा देणं अशक्य नव्हतं. निदान गरोदर बाईला आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या मुलाला तरी. बाहेरून येणाऱ्यांच्या हातावर १४ दिवसांचा शिक्का मारायची व्यवस्था आदेशात आहेच. तीच यांना लावली असती.

हे लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी वेशीच्या आतल्या बाजूला उभा होतो. तोही रमजान होता. आमच्या जमातीची बैठक झाली. (जमात म्हणजे आमच्या मोहल्ल्याची मशीद कमिटी. टीव्हीवर त्या दिवसांत जी दाखवत होते ती नव्हे.) ग्रामपंचायतीने ठराव केला होता की मुंबईहून येणाऱ्याला थेट घरी जाऊ द्यायचं नाही, शाळेत १४ दिवस ठेवायचं. जमातीने पाठिंबा दिला. पाठिंब्याचं पत्र माझ्या अक्षरातलं आहे. तेव्हा ते बरोबर वाटलं, आजही पूर्ण चूक वाटत नाही. गावात एक उपकेंद्र, डॉक्टर आठवड्यातून दोनदा. पण मुंबईहून चालत आलेला मोहल्ल्यातला एक मुलगा शाळेच्या वऱ्हांड्यात बसला होता आणि त्याची आई कुंपणाबाहेरून इफ्तारचा डबा आत सरकवत होती. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही. मीही घाईत असल्यासारखा पुढे गेलो. त्याच शाळेत दोन खोल्या पलीकडे कुणबीवाडीतली चार पोरं होती. डबा पाच जणांचा येऊ लागला, कधी मोहल्ल्यातून, कधी वाडीतून. गावाने त्या पाचांना एकाच मापाने बाहेर ठेवलं, एवढी एक गोष्ट त्यातली बरी. पुढे ऑगस्टमध्ये गणपतीला येणाऱ्यांसाठी १४ दिवसांचे दहा केले, तेव्हा ईदला आलेल्या त्या मुलाने मला मुद्दाम हाक मारून ती बातमी दाखवली होती.

माप सगळीकडे एक नव्हतं हेही खरं. २०२० चा रमजान आठवला की निजामुद्दीन आठवतं आणि भाजीवाल्याला नाव विचारणारे व्हिडिओ आठवतात. तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द केले. तोपर्यंत तीही माणसं आपापल्या घरापासून हजारो मैल लांब अडकून होती. ही बातमी पहिल्या पानावर पाहिल्याचं मला आठवत नाही. यंदा हरिद्वारचा कुंभ झाला, बंगालमधल्या सभा झाल्या. मोहल्ल्यातली तरुण पोरं मला विचारतात, सर, आता कुणाला विचारायचं? मी त्यांना हिशेब मांडू नका असं सांगतो. त्यांना ते पटत नाही आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. पण गंगेकाठी गर्दीत गेलेला माणूसही कुणाचा तरी बाप आहे आणि आजार घेऊन तो घरीच परतणार आहे. त्याच्याकडे बोट दाखवून आमच्या घरातलं कुणी परत येणार नाही.

मशिदी यंदाही बंद आहेत. मुंबईच्या जामा मशिदीच्या विश्वस्तांनी ५० जणांच्या नमाजाची परवानगी मागितली होती, ती उच्च न्यायालयाने पहिल्या रोजाच्याच दिवशी नाकारली. माझ्या मते योग्य केलं. तरावीह घरी होते. गेल्या वर्षी हे फार जड गेलं होतं, यंदा नाही. हजरत उमर सीरियाच्या वाटेवर सर्ग या मुक्कामी होते, तेव्हा पुढे प्लेग असल्याचं कळलं आणि मोठ्या लवाजम्यासह ते माघारी फिरले. ही गोष्ट दोन वर्षांत प्रत्येक मौलानांनी सांगितली आहे. साथ असेल तिथे जाऊ नका आणि आधीच तिथे असाल तर बाहेर पडू नका, हा पैगंबरांचा आदेश त्या वेळी त्यांच्यासमोर ठेवला गेला. आदेशाचा पहिला भाग सोपा आहे. मला हल्ली दुसरा आठवतो. त्यांचे जिवलग सहकारी अबू उबैदा आपल्या सैन्याजवळ, साथीच्या मुलखातच राहिले आणि त्याच प्लेगमध्ये वारले. आत थांबणाऱ्याचं ओझं बाहेर थांबणाऱ्यापेक्षा जास्त असतं. मुंब्य्रातली मुलगी आतली आहे, मी बाहेरचा. फोनवर 'सब्र कर' म्हणताना हे ध्यानात येतं आणि मी विषय बदलतो.

जकातीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण या पंधरा दिवसांत ती निघेल. जकात कुणाला द्यावी याचे आठ हकदार सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. गरीब, गरजवंत, कर्जबाजारी हे सर्वांना ठाऊक असतात. शेवटचा हकदार वाटसरू. स्वतःच्या गावी तो खाऊनपिऊन सुखी असेल, तरी वाटेत अडकला तर त्याचा हक्क लागतो. गेल्या वर्षी आमच्या कमिटीने धान्याची किटं वाटली ती रेशनकार्डाची यादी समोर ठेवून. आंब्याच्या बागा राखायला दरवर्षी नेपाळी गडी येतात. सीमा बंद झाल्यामुळे त्यातले बरेच गेल्या मे महिन्यात अडकले. त्यांचं नाव कुठल्या यादीत असणार? सरकारचा मोफत तांदूळ कार्डावर, आमचंही किट कार्डावर. हंगाम संपलेल्या बागेत ते कशावर दिवस काढत होते, हे आम्हाला जूनमध्ये कळलं. यंदा कमिटीने त्यांच्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवली आहे. रक्कम लहान आहे.

आखातातल्यांचं यंदा उलटंच झालं. गेल्या वर्षी ते तिकडे अडकले होते आणि ७ मेला वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. यंदा सुट्टीवर आलेले इथे अडकले आहेत. दुबईने आणि ओमानने २४-२५ एप्रिलपासून भारतातली विमानं बंद केली. मोहल्ल्यात अशी सहा घरं आहेत. बाप कित्येक वर्षांनी रमजानचा पूर्ण महिना घरी आहे, लेकरं खूश आहेत, आणि तो रोज पहाटे सहेरीनंतर मोबाईलवर व्हिसाची तारीख बघतो. कुटुंब एकत्र आलं की चूल थंडावते, असा हा आमचा सगळा कारभार आहे.

काल निर्बंध १५ मेपर्यंत वाढले, म्हणजे ईद त्यातच. पत्नी म्हणते, आता मुलीने येऊ नये. खेडला अडचण आली तर चिपळूण, तिथे जमलं नाही तर रत्नागिरी, आणि तिथूनही पुन्हा मुंबईच. एवढी धावपळ करण्यापेक्षा आपणच मुंब्य्राला जावं, असं तिचं मत पडलं. तिने स्वतःच्या नावाने अर्ज केला आहे. कारणाच्या जागी तिने 'मुलीचं बाळंतपण' असं सरळ लिहिलं. मी म्हटलं, 'वैद्यकीय' लिही. ती म्हणाली, रोजा ठेवून खोटं कशाला लिहू? अर्ज तीन दिवस 'प्रलंबित' आहे.

बागवाल्याचा टेम्पो रोज रात्री हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जातो. कशेडी घाटात चौकी आहे, तिथे त्याला कुणी थांबवत नाही. शेतमाल. काल त्याला विचारलं. तो म्हणाला, सर, सामान द्या, माणूस नको. आज पत्नीने दोन पेट्या भरल्या. एकीत खाली गवत आणि वर आंबे. दुसरीत डिंकाचे लाडू, अळिवाची पुडी आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी. दुपटी आईने स्वतः शिवली आहेत, टाके वाकडे पडलेत. वर दिसायला आंब्यांचा एक थर लावला आहे. तरावीहनंतर टेम्पो येईल.