चूक थ्रीडीची नव्हती, माझी होती

आपल्या वर्गाच्या गणेशोत्सवात मी संगणकावर तयार केलेले देवळाचे थ्रीडी चित्र दाखवले. लाल-निळे चष्मे लावून बसलेल्या बऱ्याच जणांचे डोळे दुखले. बालवर्गातल्या मुलांनी तर चष्मे काढूनच टाकले. त्यानंतर काही पालक म्हणाले, "पुढच्या वेळी हे थ्रीडी नको." मला हे पटत नाही.

थ्रीडीसाठी एकाच देखाव्याची दोन चित्रे लागतात, एकेका डोळ्यासाठी एकेक. मी दोन कॅमेरे शेजारी ठेवले आणि दोन्ही आत, देवळाच्या दाराकडे वळवले. जवळचे बघताना आपले डोळे आत वळतातच, मग बिघडले कुठे? बिघडले असे, की दोन्ही चित्रे एकाच सपाट पडद्यावर पडतात. कॅमेरा तिरका केला की चित्रही तिरके येते. उजव्या कडेची दीपमाळ उजव्या डोळ्याच्या चित्रात उंच आली, डाव्याच्या चित्रात बुटकी. आता एका डोळ्याने वर आणि दुसऱ्याने खाली कसे बघणार? करून बघा, जमत नाही. (बाबा मात्र अजून चष्म्यांनाच दोष देतात.)

बरोबर रीत खिडकीत सापडते. खिडकीसमोर उभे राहून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. चौकट तीच राहते, बाहेरचे झाड मात्र तिच्यात सरकते. तसेच दोन्ही कॅमेरे सरळ समोर ठेवायचे आणि दोघांना एकच चौकट द्यायची. ब्लेंडरमध्ये 'टो-इन'ऐवजी 'ऑफ-ॲक्सिस' निवडायचे. अंक झेरॉक्सचा, म्हणून रंगीत चित्र इथे देता येत नाही.

दुसरी चूक जास्त वाईट होती. मोठ्यांच्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असते, पाच वर्षांच्या मुलांच्या सुमारे पाच. लॅपटॉपवर मागच्या डोंगराची दोन चित्रे एक सेंटीमीटर दूर होती. हॉलचा पडदा दहापट रुंद, म्हणून तिथे ती दहा सेंटीमीटर दूर गेली. ती जुळवायला डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतील! म्हणून माझे मत असे, की हिशेब नेहमी सर्वांत लहान प्रेक्षकाच्या डोळ्यांचा धरावा.

कॅनडाला हे काम नवीन नाही. आयमॅक्सच्या संस्थापकांपैकी रोमन क्रॉइटर यांनी १९८५ सालीच जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रदर्शनासाठी 'वी आर बॉर्न ऑफ स्टार्स' हा संगणकावर केलेला थ्रीडी चित्रपट बनवला. मराठीतही २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीत आला.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटे द्यावीत. या वेळी मी आदल्या दिवशी हॉलच्या पडद्यावर चित्र लावून पट्टीने मोजून घेईन.